विश्लेषण : राजाचं डोकं उडवूनही जे साधलं नाही, ते पैशांच्या हप्त्यांनी कसं साधलं?

ब्रिटिश संसदेचं अधिवेशन सुरू झालं की एक व्हिडिओ हमखास फिरतो. राजाचा दूत काळा दंड हातात घेऊन, जुन्या पद्धतीचा पोशाख घालून हाऊस ऑफ कॉमन्सच्या दाराकडे चालत येतो. तो पोहोचतो न पोहोचतो तोच आतून दार त्याच्या तोंडावर धाडकन लावून घेतलं जातं. मग त्यानं दंडानं तीनदा ठोठावायचं, मग दार उघडायचं. खाली कमेंट्समध्ये ‘काय नाटक आहे’ आणि ‘करदात्यांच्या पैशांवर मजा’ असे दोनच सूर.

या व्हिडिओवर ‘दार का आपटतात?’ अशी बातमी करायची तर ती चार ओळींत होते. पण लिहिताना जाणवतं, की दाराची गोष्ट ही या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट आहे, सर्वांत महत्त्वाची नाही. महत्त्वाची गोष्ट हिशेबाच्या वह्यांमध्ये आहे आणि तिचा व्हिडिओ होत नाही.

आधी दाराचं सांगून टाकू

४ जानेवारी १६४२. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स सशस्त्र शिपाई घेऊन कॉमन्समध्ये घुसला. त्याला ५ खासदारांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडायचं होतं. जॉन पिम, जॉन हॅम्पडेन, डेन्झिल होल्स आणि आणखी दोघं. त्यांना आधीच कुणकुण लागली होती, ते नदीमार्गे निसटले होते. राजानं सभापती विल्यम लेन्थॉल यांना विचारलं, ते कुठे आहेत? लेन्थॉल यांनी गुडघे टेकले आणि उत्तर दिलं, की हे सभागृह सांगेल तेवढंच पाहायला मला डोळे आहेत आणि तेवढंच बोलायला जीभ. राजा हात हलवत परत गेला. तेव्हापासून राजानं कॉमन्सच्या सभागृहात पाऊल ठेवायचं नाही, ही प्रथा. दार आपटणं ही त्याचीच आठवण.

त्याच वर्षी यादवी युद्ध सुरू झालं. ७ वर्षांनी, ३० जानेवारी १६४९ रोजी, लंडनमधल्या बँक्वेटिंग हाऊसच्या बाहेर चौथरा उभारून चार्ल्सचा जाहीर शिरच्छेद झाला. त्याच्या मृत्युदंडाच्या फर्मानावर ५९ सह्या होत्या.

शाळेत आपण साधारण असं शिकतो : राजा जुलमी होता, जनतेनं उठाव केला, राजा गेला, संसद जिंकली. यातलं शेवटचं वाक्य चूक आहे. राजा गेला तेव्हा संसद जिंकली नव्हती. त्यासाठी आणखी ४० वर्षं लागली आणि ती जिंकली ती वेगळ्याच हत्यारानं.

भांडण नेमकं कशावरून होतं?

धर्मावरून होतं, हे खरंच. राजा चर्चचे विधी कॅथलिक वळणावर नेतो आहे, असा प्युरिटन मंडळींचा संशय होता. आपण फक्त ईश्वराला जबाबदार आहोत, ही चार्ल्सची श्रद्धाही होती. पण रोजच्या व्यवहारात ठिणगी पडायची ती पैशांवरून.

इंग्लंडच्या राजानं आपला नेहमीचा खर्च स्वतःच्या जमिनी, काही ठरलेली शुल्कं, बंदरातली जकात यांतून भागवायचा, अशी जुनी रीत. युद्ध निघालं की हे पुरत नसे. मग संसद बोलवायची, जादा कर मागायचा. संसद म्हणायची, देतो, पण आधी आमची गाऱ्हाणी ऐका. १२१५ च्या मॅग्ना कार्टातही काही वसुली राज्याच्या सल्ल्याशिवाय करायची नाही, असं कलम होतं. थोडक्यात, संसद ही राजाला अडीअडचणीला लागणारी गोष्ट होती. अडचण नसेल तर वर्षानुवर्षं तिची गरजच नसे.

१६२५ मध्ये चार्ल्स गादीवर आला. आधीच्या राजांना राज्यारोहणाच्या वेळी बंदरावरची जकात आयुष्यभरासाठी बहाल करायची, अशी सुमारे दीडशे वर्षांची वहिवाट होती. कॉमन्सनं या वेळी ती एका वर्षापुरतीच द्यायची ठरवली. चार्ल्सला हा अपमान वाटला. त्यानं मंजुरीविनाच जकात गोळा करणं चालू ठेवलं. वर श्रीमंतांकडून सक्तीचं कर्ज घेतलं, न देणाऱ्यांना तुरुंगात टाकलं.

१६२८ मध्ये संसदेनं ‘पिटिशन ऑफ राइट’ पुढे केलं. संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, कारण न दाखवता कैद नाही. चार्ल्सनं ते मान्य केलं आणि जकात घेतच राहिला. मार्च १६२९ मध्ये सभागृह तहकूब करायचा त्याचा हुकूम आला, तेव्हा दोन सदस्यांनी सभापतींना खुर्चीतच दाबून धरलं आणि ठराव मांडून घेतले. दाबून धरणाऱ्यांत एक होते ते डेन्झिल होल्स. हो, १३ वर्षांनी ज्यांना पकडायला राजा आला, तेच.

यानंतर चार्ल्सनं ११ वर्षं संसद बोलावलीच नाही.

जहाजपट्टीचा खटला

मग राज्य चाललं कसं? जुनी दप्तरं उकरून. विस्मरणात गेलेले दंड, मक्तेदारीचे परवाने, असं काय काय शोधून काढण्यात आलं. त्यातली नामी वसुली म्हणजे ‘शिप मनी’. घरपट्टी, पाणीपट्टी तशी ही जहाजपट्टी. संकटकाळी किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी जहाजं किंवा पैसा द्यायचा, अशी ती मूळ कल्पना. चार्ल्सनं १६३४ मध्ये ती शांततेच्या काळात लावली आणि पुढच्या वर्षी समुद्रापासून लांब असलेल्या जिल्ह्यांनाही लावली.

जॉन हॅम्पडेन या जमीनदारानं ती भरायला नकार दिला. खटला उभा राहिला तो अवघ्या २० शिलिंगांवर. रक्कम त्यांना जड नव्हतीच. प्रश्न होता ‘संकट आहे की नाही’ हे कुणी ठरवायचं? राजानंच ठरवायचं असेल, तर तो रोजच संकट जाहीर करेल. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूनं गेले, ५ विरोधात. राजा खटला जिंकला, पण ७-५ हा आकडा देशभर झाला आणि लोकांनी पट्टी भरणं कमी केलं.

शेवटी कोंडी फुटली ती स्कॉटलंडमुळे. तिथल्या चर्चवर चार्ल्सनं नवं प्रार्थनापुस्तक लादलं, बंड झालं, स्कॉटिश फौजेनं उत्तर इंग्लंडचा भाग व्यापला आणि तह होईपर्यंत आपल्या फौजेचा खर्च म्हणून दिवसाला ८५० पौंड मागितले. एवढे पैसे कुठल्याही जुन्या दप्तरात नव्हते. नोव्हेंबर १६४० मध्ये संसद बोलवावी लागली आणि या वेळी संसदेनं आपल्या संमतीशिवाय आपल्याला बरखास्त करता येणार नाही, असा कायदाच करून घेतला. पुढचं दाराचं प्रकरण वर आलंच आहे.

डोकं उडवलं, मग पुढे?

पुढे जे झालं त्यानं क्रांतीच्या भक्तांची पंचाईत होते. राजा नाही, लॉर्ड्सचं सभागृह नाही, देश प्रजासत्ताक. पण सैन्य होतं आणि ते संसदेपेक्षा ऑलिव्हर क्रॉमवेलचं ऐकायचं. राजावर खटला चालवण्याआधीच, डिसेंबर १६४८ मध्ये, सैन्यानं नको असलेल्या खासदारांना सभागृहाच्या दारातच अडवलं होतं. एप्रिल १६५३ मध्ये क्रॉमवेलनं उरलेल्या खासदारांनाही शिपाई बोलावून बाहेर काढलं. चार्ल्सला ५ जणही पकडता आले नव्हते, इथे अख्खं सभागृह रिकामं झालं. वर्षअखेरीला क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. १६५७ मध्ये त्याला मुकुटही देऊ केला गेला. त्यानं तो नाकारला, पण राज्य राजासारखंच केलं.

तो १६५८ मध्ये गेला आणि दोन वर्षांत इंग्लंडनं चार्ल्सच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, वाजतगाजत परत आणलं. क्रॉमवेलचं प्रेत उकरून फासावर लटकवण्यात आलं. तारीख मुद्दाम निवडली होती, ३० जानेवारी.

माणूस बदलला, खुर्चीचे अधिकार तेच राहिले. मला तरी या ११ वर्षांचा एवढाच अर्थ लागतो.

यात मुंबई कुठून आली?

दुसऱ्या चार्ल्सची कथा आपल्या जवळची आहे. १६६१ च्या करारानुसार पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्याशी त्याचं लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई आली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची कमी सांगितली जाते. हे बेट सांभाळायला खर्च फार आणि उत्पन्न तुटपुंजं, म्हणून १६६८ मध्ये राजानं ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकलं. आजच्या मुंबईत घर शोधणाऱ्यांनी हा आकडा फार वेळ पाहू नये.

हात आखडलेला हा राजा वडिलांपेक्षा हुशार होता. संसदेशी भांडण्यापेक्षा त्यानं बाहेरून पैसे आणले. १६७० मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी गुप्त तह करून पैसे घेतले. १६७२ मध्ये सावकारांची देणी थांबवली, त्यात लंडनचे कित्येक पेढीवाले बुडाले. पुढे व्यापार वाढला, जकातीचं उत्पन्न वाढलं आणि १६८१ नंतर मरेपर्यंत, म्हणजे १६८५ पर्यंत, त्यानं संसद बोलावली नाही. दर ३ वर्षांनी संसद भरली पाहिजे, असा कायदा तेव्हा अस्तित्वात होता. पण तो मोडला तर काय, याचं उत्तर कायद्यात नव्हतं आणि राजाकडे पैसे होते.

इथे थांबून पाहिलं तर १६२८ आणि १६८४ ही दोन्ही उदाहरणं एकच गोष्ट सांगतात. राजाकडून वचन घेणं सोपं होतं, ते पाळायला लावणारी यंत्रणा नव्हती.

१६८९ मध्ये वेगळं काय झालं?

धाकटा भाऊ दुसरा जेम्स १६८५ मध्ये राजा झाला. संसदेनं चूक पुन्हा केली, त्याला आयुष्यभराचं उत्पन्न एकदम मंजूर करून टाकलं. त्यानं सैन्य वाढवलं, आपल्या कॅथलिक धर्मबांधवांच्या आड येणारे कायदे स्वतःच्या अधिकारात स्थगित केले. विरोधाचा अर्ज करणाऱ्या ७ बिशपांवर खटला भरला. ज्युरीनं त्यांना निर्दोष सोडलं. जून १६८८ मध्ये राजाला मुलगा झाला आणि कॅथलिक घराणं पुढेही चालणार, हे स्पष्ट झालं. तेव्हा ७ बड्या लोकांनी जेम्सचाच जावई, हॉलंडचा विल्यम, याला पत्र लिहून बोलावलं. ५ नोव्हेंबरला तो फौजेसह उतरला. जेम्स डिसेंबरमध्ये फ्रान्सला पळाला. पळताना त्यानं राज्याचा शिक्का थेम्स नदीत टाकला, असं सांगतात. शिक्क्याशिवाय संसद बोलावता येणार नाही, असा त्याचा हिशेब असावा.

विल्यम आणि त्याची पत्नी मेरी यांना मुकुट देण्याआधी हक्कांचा जाहीरनामा वाचून दाखवला गेला. डिसेंबर १६८९ मध्ये तोच ‘बिल ऑफ राइट्स’ या नावानं कायदा झाला. राजाला कायदा स्थगित करता येणार नाही, संसदेविना कर नाही, शांततेच्या काळात संसदेच्या संमतीविना खडं सैन्य नाही, संसदेतल्या भाषणाबद्दल कोर्टात खेचता येणार नाही.

पुस्तकांत गोष्ट इथे संपते. मला ती इथे सुरू होते असं वाटतं. कारण ही सगळी पुन्हा वचनंच होती आणि विल्यम काही संत नव्हता.

फरक पडला तो दोन रुक्ष निर्णयांनी. पहिला, १६८९ चाच ‘म्युटिनी अ‍ॅक्ट’. सैन्यात शिस्तभंग झाला तर लष्करी शिक्षा देण्याचा अधिकार या कायद्यानं दिला, पण काही महिन्यांपुरता. मुदत संपली की पुन्हा संसदेकडे या. मधले थोडे खंड सोडले तर पुढे दोनशे वर्षं तो असाच वर्षावर्षानं वाढवत नेला. दुसरा निर्णय १६९० चा : जकातीचं उत्पन्न राजा-राणीला ४ वर्षांपुरतंच. सगळंच अडवलं असं नाही, अबकारीचा काही भाग आयुष्यभरासाठी दिला. पण मोठी रक्कम मुदतबंद. आयुष्यभराचं दिलं तर हा आपल्याला बोलावणारच नाही, ही भीती सदस्यांनी सभागृहात बोलून दाखवली होती. फ्रान्सशी युद्ध चालू, पैसा रोज लागणारा. विल्यम चिडला, पण येत राहिला. १६८९ पासून ब्रिटिश संसद भरली नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही.

मेसवाला आणि मोटरमन

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर असताना आमचा मेसवाला सेमिस्टरचे सगळे पैसे सुरुवातीलाच घ्यायचा. पहिला महिना पनीर, दुसऱ्या महिन्यात बटाटा, चौथ्या महिन्यात आमटीत डाळ शोधायची वेळ. तक्रारवही होती, त्यात आम्ही भरपूर लिहायचो, तोही वाचून मान डोलवायचा. एका वर्षी मुलांनी फक्त एवढंच केलं : पैसे दर महिन्याला द्यायचे ठरवलं. मेसवाला तोच, आचारी तोच. आमटीत डाळ परत आली. १६२८ ची पिटिशन ही आमची तक्रारवही होती. १६९० मध्ये इंग्रजांनी मासिक हप्ता सुरू केला.

म्युटिनी अ‍ॅक्टची युक्ती तर अभ्यासक्रमातलीच आहे. लोकलच्या मोटरमनला एक हँडल सतत दाबून धरावं लागतं; हात सुटला की गाडी आपोआप थांबते. संकटात कुणी धावत जाऊन ब्रेक दाबावा लागत नाही. आधीच्या व्यवस्थेत मनमानी करणाऱ्या राजाला थांबवायला युद्ध करावं लागे. नव्या व्यवस्थेत संसदेनं काहीही न करता गप्प बसणं पुरेसं होतं. मंजुरीची मुदत संपली की सैन्य चालवणं अवघड. आजही ब्रिटनमध्ये सैन्यदलांविषयीच्या कायद्याला संसदेकडून दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते.

आणि यातली गंमत अशी, की बांधलेला राजा मोकळ्या राजापेक्षा श्रीमंत निघाला. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली ती सरकारला १२ लाख पौंडांचं कर्ज द्यायला, व्याज ८ टक्के. फक्त २२ वर्षांपूर्वी राजानं सावकारांना बुडवलं होतं. आता लोक रांगेनं पैसे द्यायला तयार झाले, कारण परतफेडीमागे संसदेनं मंजूर केलेला कर होता.

बाकीचं हळूहळू होत गेलं. १७०१ च्या कायद्यानं न्यायाधीशांना मनमानीनं काढायची सोय गेली. १७०८ मध्ये राणी अ‍ॅननं एक विधेयक नाकारलं, त्यानंतर आजवर कुठल्याही राजा-राणीनं संसदेनं मंजूर केलेलं विधेयक नाकारलेलं नाही. १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जनं राजघराण्याच्या जमिनींचं उत्पन्न सोडून वर्षाला ८ लाख पौंड नेमणूक घेतली. राजा पगारावर आला, म्हणा ना.

‘रक्तहीन’ म्हणायचं का?

१६८८ च्या घटनेला इंग्लंडमध्ये ‘वैभवशाली क्रांती’ म्हणतात, आपली पुस्तकं ‘रक्तहीन क्रांती’ म्हणतात. हा शब्द आयर्लंडमध्ये उच्चारून पाहावा. तिथे १६९० ची बॉइनची लढाई आणि पुढचा कॅथलिकांचा छळ, हे याच क्रांतीचं रक्त. ती लोकशाहीही नव्हती. मतदान मूठभर मालमत्ताधारकांना होतं. १८३२ मध्येही त्यात सुधारणा झाली ती मर्यादितच. राजाच्या कृपेनं चालणारी गुलामांच्या व्यापाराची मक्तेदारी याच संसदेनं १६९८ मध्ये मोडली, पण व्यापार थांबवण्यासाठी नाही, तर तो इतर व्यापाऱ्यांनाही करता यावा म्हणून. आणि संमतीशिवाय कर नाही म्हणणाऱ्या संसदेनं, कंपनीला बंगालची दिवाणी मिळाल्यावर, १७६७ मध्ये कंपनीकडून वर्षाला ४ लाख पौंड सरकारी तिजोरीत घ्यायचं ठरवलं. बंगालच्या रयतेची संमती कुणी विचारली नाही.

म्हणून या व्यवस्थेची आरती करायचं कारण नाही. पण तिची युक्ती चांगली होती आणि ती नंतर अनेकांनी उचलली.

आपला काय संबंध?

भारतीय संविधानाचं कलम २६५ सांगतं, कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येणार नाही. हॅम्पडेन यांचे २० शिलिंग ते हेच. कलम ११४ नुसार संसदेनं विनियोजन कायदा केल्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. खासदारांना सभागृहात बोलण्याचं संरक्षण देणारं कलम १०५ आहे. दोन अधिवेशनांत ६ महिन्यांहून जास्त अंतर नको, असं कलम ८५ म्हणतं. राजा नसलेल्या देशात हे सगळं कशाला, असं विचाराल, तर उत्तर सोपं आहे : खर्च करणारं सरकार आणि मंजुरी देणारं सभागृह हे नातं राजाबरोबर गेलेलं नाही.

ब्रिटनला याची आठवण २०१९ मध्ये झाली. ब्रेक्झिटच्या धामधुमीत पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यानं संसद ५ आठवडे संस्थगित करण्यात आली. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमतानं ते बेकायदा ठरवलं. निकालात दाखला होता १६११ सालचा, पहिल्या चार्ल्सच्या वडिलांच्या काळातला.

आपल्याकडे हप्ता दरवर्षी मागितला जातो. फेब्रुवारीत अर्थसंकल्प येतो, खातेनिहाय अनुदानाच्या मागण्या येतात. ठरलेल्या वेळेत ज्यांवर चर्चा होत नाही, त्या शेवटी एकत्र मताला टाकतात. या प्रक्रियेला संसदीय भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. नाव फ्रेंच राजाचं डोकं उडवणाऱ्या यंत्राचं, वापर मात्र चर्चेवर. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेनं सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला गदारोळात, चर्चेविना मंजुरी दिली. याआधी २०१८ मध्येही असंच झालं होतं. मोटरमनचा हात हँडलवर आहे, पण तो रबर बँडनं बांधून ठेवलाय, असं काहीसं.

राज्यातही अधिवेशन आलं की पुरवणी मागण्यांची बातमी येते. अमुक हजार कोटींच्या मागण्या सादर, हा मथळा आम्ही सगळेच देतो, नोटिफिकेशनही पाठवतो. त्यांवर सभागृहात किती तास बोललं गेलं, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं. असलंच तर.